सहींतलीं आद्याक्षरें

इंग्रजी ग्रंथसूचींत ‘व्ही. के. राजवाडे’ असें नांव आढळलें, तर वाचकानें तेथें थोडें थबकावें हें बरें. या एका नांवाआड दोन माणसें उभीं आहेत. एक ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांचे संपादक, इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. दुसरे त्यांचे बंधु, यास्काच्या निरुक्तावर ग्रंथ लिहिणारे वैजनाथ काशिनाथ राजवाडे. पिता एक, आडनांव एक, आणि इंग्रजी लिपीनें दोघांच्या नांवाचें पहिलें अक्षरही एकच करून टाकिलें. मराठींत हा घोटाळा होत नाहीं. तेथें एक ‘वि. का.’ आणि दुसरे ‘वै. का.’, एक वेलांटी आणि दोन मात्रा एवढ्याच आधारावर दोन भावांचें कर्तृत्व निरनिराळें राहतें.

बारशाच्या दिवशीं आत्या बाळाच्या कानांत जें नांव सांगते, तें पूर्ण सांगते. पाळण्यांतल्या मुलास कोणी ‘वि.’ म्हणत नाहीं. मग तेंच मूल मोठें होऊन लिहूं-वाचूं लागलें, कामाधामास लागलें, चार लोकांत त्याचा बोलबाला झाला, म्हणजे आपलें नांव आपल्याच हातानें तें कां छाटून टाकितें? वेळ वांचावा म्हणून, जागा पुरावी म्हणून, असें उत्तर सहज दिलें जातें. तें खोटें नव्हे. पण अपुरें आहे. नुसता वेळच वांचवावयाचा असता, तर मराठी माणसानें आडनांवावरही कात्री चालविली असती. तो आडनांव पूर्ण लिहितो आणि स्वतःचें व वडिलांचें नांव तेवढें एकेका अक्षरांत गुंडाळतो. काय पूर्ण लिहावयाचें आणि काय गुंडाळावयाचें, ही निवड केव्हां व कशी झाली हें पाहूं गेल्यास महाराष्ट्राच्या दोन-अडीच शतकांच्या इतिहासाचा एक लहानसा पण बोलका भाग हातीं लागतो.

मराठी राज्यांत आजच्या अर्थानें सही नव्हती. शब्द होता, तो अरबी ‘सहीह्’ यावरून आला आणि त्याचा अर्थ बरोबर, खरें, असा. परंतु कागदाचें खरेंपण ठरे तें शिक्क्यानें. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या माथ्यावर अष्टकोनी संस्कृत मुद्रा असे आणि मजकूर संपतांच ‘मर्यादेयं विराजते’ असें मोर्तब उमटे. म्हणजे लेखनाची मर्यादा येथें झाली, यापुढें कोणीं एक ओळही वाढवूं नये. पेशव्यांच्या कागदांवर अखेरीस ‘लेखनसीमा’ असा लहान शिक्का असे. पत्राचें अंग लिही तो चिटणीस किंवा कारकून. कित्येक पत्रांत शेवटचे दोनचार शब्द धनी स्वहस्तें लिही, आणि जाणता मनुष्य तेवढ्यावरून हस्ताक्षर ओळखी. पत्र कोणाचें हें मात्र आरंभींच कळे, कारण लिहिणाराचें नांव साष्टांग नमस्काराबरोबर माथ्याशींच येत असे. तळाशीं नांव घालण्याचें कारणच नव्हतें.

हीं नांवें कशीं होतीं तें नीट पाहावें. नाना फडणवीस हें लोकांच्या तोंडचें नांव. कागदावर ते ‘बाळाजी जनार्दन’. त्यांत स्वतःचें नांव आहे, वडिलांचें नांव आहे; भानु हें आडनांव नाहीं. पेशव्यांच्या शिक्क्यांतही ‘बाजीराव बल्लाळ’ असेंच असे. बल्लाळ म्हणजे बाळाजी, बाजीरावांचे वडील. भट हें आडनांव तेथें शोधून सांपडावयाचें नाहीं. रयतेच्या नांवांत वडिलांच्या नांवापूर्वीं ‘बिन’ अथवा ‘वलद’ असा शब्द घालीत. माणूस कोणाचा, हा प्रश्न त्या काळीं पहिला होता, आणि त्याचें उत्तर एका अक्षरानें देऊन भागत नसे.

त्या काळच्या कारकुनास अक्षरें वांचवितां येत नव्हतीं, असें मात्र कोणीं समजूं नये. संक्षेप करण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ‘वे. शा. सं.’ म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंति विशेष, वडिलांस ‘ती.’, मुलास ‘चि.’, सुवासिनीस ‘सौ.’. आज आपण टिंब देतों तेथें तो उभ्या रेघा देई, एवढाच फरक. मौजे, परगणा, किल्ला, महिना, सारे शब्द त्यानें असेच आंखडले होते. मान आंखडला, नमस्कार आंखडला, तारीख आंखडली. आंखडलें नाहीं तें माणसाचें नांव. लिहितां न येणाऱ्या माणसाच्याही नांवाची हीच गोष्ट. पाटलाची व कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तराजू, बाईमाणसाची बांगडी. हें चित्र त्या एकट्याचें नसे, धंद्याचें असे, आणि नांगर बापाच्या मागून मुलगाही काढी. पण चित्राच्या शेजारीं कारकून नांव लिही तें सबंध.

आद्याक्षरांचें मूळ म्हणून पत्रव्यवहारांत सांपडत नाहीं. तें शोधावें लागतें कचेरींत. एकच कागद अनेक हातांतून जावयाचा असला, म्हणजे प्रत्येक हातानें आपली कांहीं खूण त्यावर ठेवावी लागते. ही गरज मराठी राज्यासही होतीच. राज्याभिषेक शक १ मधील म्हणून जो कानूजाबता प्रसिद्ध आहे, त्यांत अष्टप्रधानांपैकीं कोणीं राजपत्रांवर शिक्का करावा व कोणीं ‘संमत’ असें चिन्ह करावें, याची वांटणी आहे. पत्र दप्तरीं नोंदलें गेलें म्हणजे त्यावर ‘बार’ असा शेरा पडे. आजच्या सरकारी कचेरींतील ‘आवक-जावक बारनिशी’ हा शब्द त्याच घराण्यांतला. परंतु हीं सर्व चिन्हें हुद्द्याचीं होतीं. संमति मंत्र्याची, मंत्री कोण, हें चिन्हावरून कळण्याचें कारण नव्हतें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि इंग्रजी कचेरीचा अंमल सुरू झाला. या कचेरीचा सगळा डोलारा कागदावर उभा. कागद खालून वर जावयाचा, प्रत्येक पायरीवर त्यावर टिपण व्हावयाचें, आणि तोच कागद पुन्हां खालीं यावयाचा. यांत कोणीं केव्हां पाहिलें हें नुसत्या हुद्द्यावरून कळून भागत नाहीं. कारण आज या खुर्चीवर एक साहेब असतो, सहा महिन्यांनीं दुसरा. म्हणून खुणेंत हुद्द्याच्या जागीं व्यक्ति आली, आणि दिवसास शेंकडों कागद हातावेगळे करावयाचे असल्यामुळें व्यक्तीचें नांव दोनतीन अक्षरांवर आलें. या खुणेचा अर्थ ‘मीं केलें’ असा नव्हे, ‘मीं पाहिलें’ असा. जबाबदारी पुरती अंगावर घ्यावयाची तेथें सबंध सही. कागद आपल्या नजरेखालून गेला एवढेंच दाखवावयाचें तेथें आद्याक्षरी. हा भेद पुढें कायद्यांतही बसला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें पुराव्यांत दाखल झालेल्या दस्तऐवजावर जो शेरा मारावयाचा, त्यावर न्यायाधीशानें सही करावी किंवा आद्याक्षरें घालावींत. त्याच वर्षाच्या नोंदणी कायद्याचें विसावें कलम सांगतें कीं, दस्तांत कोठें खाडाखोड असेल किंवा ओळींमध्यें मजकूर घातला असेल, तर दस्त करून देणाऱ्यांनीं त्या जागीं सहीनें अथवा आद्याक्षरांनीं साक्ष द्यावी. न दिल्यास नोंदणी करणाऱ्या अंमलदारास दस्त नाकारतां येतो. घर, जमीन, वांटणी यांच्या व्यवहारांत एखाद्या आंकड्यावर गिरवलेलीं तीं दोन अक्षरें म्हणजे पुष्कळदां सबंध दस्ताचा जीव असतो.

साहेबाच्या आद्याक्षरांत आणि मराठी माणसाच्या आद्याक्षरांत एक मोठें अंतर आहे, आणि तें बहुधा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. इंग्लंडचे मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांचें नांव विल्यम एवर्ट. हीं दोन्हीं नांवें त्यांचीं स्वतःचीं. नामकरणाच्या वेळीं मिळालेलीं. ‘डब्ल्यू. ई. ग्लॅडस्टन’ यांत बाप कोठेंच नाहीं. ‘एम. जी. रानडे’ यांत आहे. महादेव हे स्वतः, गोविंद हे वडील. टिंबें तींच, त्यांची जागाही तीच, पण साहेबाच्या नांवांत एक मनुष्य आहे आणि मराठी नांवांत दोन पिढ्या आहेत.

ही तिहेरी घडण पक्की केली ती शाळेच्या पटानें आणि विद्यापीठाच्या यादीनें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ सालीं त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चारही नांवांत आडनांव ठामपणें शेवटीं येऊन बसलें आहे. बाळाजी जनार्दनांच्या काळीं जें लिहिण्यावांचून अडत नव्हतें, तें आतां नांवाचा मुख्य भाग झालें. आणि वडिलांचें नांव, जें पूर्वीं नांवाचें अर्धें अंग होतें, तें मध्यें सांपडलें. वर्गांत चार महादेव आणि तीन गोविंद असले, तर हांक मारावयाची ती आडनांवानें. यादी करावयाची ती आडनांवानें. मग उरलेल्या दोन शब्दांचें काम काय? एका रानड्यापासून दुसरा रानडे वेगळा दाखविणें, एवढेंच. तेवढ्या कामाला एकेक अक्षर पुरतें.

तरीही परकी कचेरीची एक सवय एवढ्या झपाट्यानें घरांत शिरली, याचें कारण केवळ सोय नव्हे. घराचें दार आधींच उघडें होतें. धर्मशास्त्राचा एक जुना संकेत असा आहे कीं, आपलें कल्याण इच्छिणाऱ्यानें स्वतःचें, गुरूचें, अतिकृपणाचें, ज्येष्ठ अपत्याचें व पत्नीचें नांव उच्चारूं नये. वडिलांचें नांव घेण्याची पाळी आली तर मराठी माणूस अजूनही किंचित् संकोचतो. घरोघर खऱ्या नांवावर नाना, तात्या, अण्णा, बापू, आप्पा यांचें पांघरूण असे. अशा समाजाला ‘म. गो.’ हें लेखन म्हणजे जणु कोणी मनांतलें ओळखून दिलेलें. नांव लिहिलेंही आणि घेतलेंही नाहीं. वडील सहींत आलेही आणि त्यांचा उच्चारही झाला नाहीं. महात्मा गांधींच्या इंग्रजी पत्रांखालीं ‘एम. के. गांधी’ असे, आणि आश्रमांतील मुलाबाळांना लिहितांना ‘बापू’ असे. दोन्हींतही ‘मोहनदास’ नाहीं. परक्यासमोर आद्याक्षर आणि आपल्यांत लाडकें नांव, या दोहोंच्या मध्यें खरें नांव दडून राहतें. हें आपल्याकडील किती तरी माणसांचें झालें आहे.

मराठी ग्रंथांवर हा बदल पिढ्यांच्या अंतरानें दिसतो. जोतीराव गोविंदराव फुले यांचें नांव असें मोकळें, वडिलांसह आणि रावांसह लिहिलें जाई. हरि नारायण आपटे, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, राम गणेश गडकरी हीं नांवें आजही वाचक पूर्ण उच्चारतो; त्यांना आद्याक्षरांत बसवलें तर नाटकाच्या जाहिरातींतला अर्धा दिमाख जातो. पुढची पिढी पाहावी: ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, प्र. के. अत्रे, बा. सी. मर्ढेकर. यांचीं पूर्ण नांवें विचारलीं तर चांगला वाचकही क्षणभर अडखळतो. त्याच्याही पुढें गेल्यास टिंबेंही गळून पडतात. ‘पु. ल.’ यांचें पुलं झालें, ‘व. पु.’ यांचें वपु झालें, आणि ग. दि. माडगूळकरांच्या बाबतींत तर आडनांवाचें अक्षरही ओढून घेऊन लोकांनीं ‘गदिमा’ असें नवेंच नांव तयार केलें. कचेरींतील खूण प्रेमाची हांक होऊन बसली. असा शेवट साहेबाच्या कल्पनेंतही नसेल.

मराठी आद्याक्षरांस ही गोडी आली, तिचें श्रेय देवनागरी लिपीस दिलें पाहिजे. इंग्रजी आद्याक्षर म्हणजे नुसतें सुटें अक्षर; मराठी आद्याक्षर म्हणजे नांवाचा पहिला उच्चार, स्वरासकट. पांडुरंग, पुरुषोत्तम, प्रभाकर हे तिघे इंग्रजींत एकाच अक्षराखालीं दाटीवाटीनें बसतात, मराठींत पां., पु. आणि प्र. असे तिघे आपापल्या पाटावर. ‘चिं.’ म्हटलें कीं चिंतामण समोर येतो, ‘त्र्यं.’ म्हटलें कीं त्र्यंबकाशिवाय दुसरें कोणी येऊंच शकत नाहीं. जे लेखक मराठींतही इंग्रजी अक्षरें घेतात, त्यांच्या नांवावर मात्र पडदा अधिक जाड पडतो. जी. ए. कुलकर्णी यांचें नांव गुरुनाथ आबाजी. ‘गु. आ.’ लिहिलें असतें तर वाचक नांवाच्या उंबरठ्याशीं तरी पोंचला असता; ‘जी. ए.’ या अक्षरांवरून तो कोठेंच पोंचत नाहीं, आणि त्या कथाकाराचा एकांतप्रिय स्वभाव पाहतां तें त्यांना शोभूनही दिसतें. परभणीचे बी. रघुनाथ यांनीं तर उलटीच वाट धरली. भगवान रघुनाथ कुलकर्णी यांतील कुलकर्णी त्यांनीं सोडलें, स्वतःस इंग्रजी अक्षर घेतलें, आणि पूर्ण ठेविले ते वडील. केशवसुत या टोपणनांवांतही हेंच आहे. कृष्णाजी केशव दामले यांचें मधलें नांव तेवढें उरलें, बाकीचें गेलें. अर्वाचीन मराठी कवितेचा जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांनीं कवितेखालीं स्वतःला केशवाचा मुलगा म्हणवून घेतलें, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

परंतु आद्याक्षरें काय राखतात आणि काय पुसतात, हें पाहावयाचें तर एकाच घराकडे पाहावें. तें घर कर्व्यांचें. महर्षि धोंडो केशव कर्वे हे ‘धों. के.’ त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ, १९२७ सालापासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविणारे, हे ‘र. धों.’ ‘धों.’ हें अक्षर पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागीं सरकलें आणि आजोबांचा ‘के.’ गळाला. असें प्रत्येक पिढींत होतें. न. चिं. केळकरांचे पुत्र य. न. केळकर, ‘न.’ सरकला, ‘चिं.’ गेला. नांव म्हणजे एक शिडी, आणि सहींत तिच्या दोनच पायऱ्या एका वेळीं दिसतात.

या शिडीवर आई कोणत्याच पायरीवर नाहीं. रघुनाथरावांच्या आईचें नांव राधाबाई. त्या १८९१ सालीं वारल्या. १८९३ सालीं धोंडोपंतांनीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला, आणि त्या पायीं वाळीत पडण्याचें दुःख दोघांनींही सोसलें. विवाहाबरोबर गोदूबाईंचें नांव आनंदीबाई झालें. शंकर, दिनकर व भास्कर हे त्यांचे पुत्र. आतां सह्या पाहाव्यात. राधाबाईंचा मुलगा ‘र. धों.’, आनंदीबाईंचा मुलगा ‘दि. धों.’. एका मातेनें मुलास लहानपणींच सोडून परलोकचा रस्ता धरला, दुसरीनें लोकनिंदा सोसून संसार उभा केला. दोघींच्या मुलांच्या नांवांत मधलें अक्षर मात्र एकच. आनंदीबाईंनीं आपली कथा ‘माझे पुराण’ या पुस्तकांत सांगितली, म्हणून गोदूबाई कोण होत्या हें आज ठाऊक आहे. ज्यांनीं पुस्तक लिहिलें नाहीं, त्यांच्या माहेरच्या नांवाचा पत्ता सहीवरून लागत नाहीं, दस्तावरूनही क्वचित् लागतो.

स्त्रियांच्या बाबतींत आद्याक्षरांची रीत मुळांतच निराळी पडली. मराठी लेखिकांचीं नांवें ग्रंथांवर बहुधा पूर्ण असतात: लक्ष्मीबाई टिळक, इरावती कर्वे, दुर्गा भागवत. नुसतीं आद्याक्षरें छापलीं तर वाचकानें तो पुरुषच समजावयाचा, इतकें तें लेखन पुरुषी होऊन बसलें होतें. मधलें अक्षर घालावें तर विवाहापूर्वीं तें वडिलांचें, विवाहानंतर पतीचें. ज्या पतीचें नांव तोंडानें घ्यावयाचें नाहीं, घ्यावयाचेंच तर उखाण्यांत घ्यावयाचें, त्याचें अक्षर सहींत मात्र वागवावयाचें. मालतीबाई बेडेकरांनीं १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केलें तेव्हां आद्याक्षरांचा आडोसा त्यांच्या उपयोगीं पडणारा नव्हताच. त्यांनीं ‘विभावरी शिरूरकर’ असें सबंध दुसरें नांव घेतलें, आणि हे कोण म्हणून महाराष्ट्रांत केवढी चर्चा झाली. इंग्लंडांत उलट प्रकार. तेथें १९९७ सालीं एका लेखिकेचें पहिलें पुस्तक निघतांना, बाईचें नांव पाहून मुलगे पुस्तक हातीं घेणार नाहींत अशा शंकेनें प्रकाशकांनीं तिला आद्याक्षरें घ्यावयास लाविलीं. जोअन हिला दुसरें नांवच नव्हतें. तिनें आजी कॅथलीन हिचें अक्षर घेतलें आणि ती जे. के. रोलिंग झाली. लपविण्यासाठीं घेतलेल्या अक्षरांत आजी मात्र आली.

काय पूर्ण लिहावें या प्रश्नाचें महाराष्ट्राच्या नेमकें उलट उत्तर तामिळ मुलुखांत आहे. तेथें आद्याक्षरें नांवापूर्वीं येतात आणि पूर्ण लिहिलें जातें तें माणसाचें स्वतःचें नांव. सी. एन. अण्णादुरै यांत पहिलें अक्षर कांजीवरम् या गांवाचें, दुसरें नटराजन् या वडिलांचें. अण्णादुरै हे ते स्वतः. मराठी माणूस स्वतःस गुंडाळून कुळ उघडें ठेवितो, तामिळ माणूस कुळगांव गुंडाळून स्वतः उघडा राहतो. पूर्वीं तेथेंही नांवाच्या शेवटीं जातिवाचक उपपद असे. १९२९ सालीं चेंगलपट्टू येथें स्वाभिमान चळवळीची पहिली परिषद भरली, तिनें हीं उपपदें टाकून द्यावींत असें ठरविलें, आणि पुढें फार मोठ्या संख्येनें लोकांनीं तीं टाकिलीं. महाराष्ट्रांत आडनांव ऐकतांच पुढचा मनुष्य मनांत जात, पोटजात, गांव यांचा हिशेब मांडूं लागतो, हें कोणी कितीही नाकारलें तरी खरें आहे. आणि आपण पूर्ण लिहितों तें तेवढेंच. आद्याक्षरें निरुपद्रवी दिसतात तीं याच कारणानें कीं, तीं काय झांकतात याकडे लक्ष जातें, काय उघडें ठेवितात याकडे जात नाहीं. दक्षिणेंतील आणखी एक नांव या ठिकाणीं सांगण्यासारखें आहे. गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचा ‘एम.’ मदुरेचा आणि ‘एस.’ षण्मुखवडिवु यांचा. षण्मुखवडिवु या त्यांच्या आई, स्वतः वीणावादक. साऱ्या देशानें तें अक्षर वर्षानुवर्षें उच्चारलें. त्यांत एक आई आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

मिटलेलें अक्षर पुन्हां उघडलें म्हणजे काय होतें, तेंही अलीकडे पाहावयास मिळालें. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर इंग्रजींत ‘बी. आर. आंबेडकर’ अशी सही करीत. २०१८ सालीं उत्तर प्रदेश शासनानें सरकारी कागदपत्रांत त्यांचें नांव ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असें लिहिण्याचा आदेश काढिला आणि त्यास संविधानाच्या प्रतींतील त्यांच्या सहीचा आधार दिला. लगेच त्या आदेशाच्या हेतूविषयीं देशभर वाद झाला. महाराष्ट्रांत मुलाच्या नांवांत बापाचें नांव असणें ही रोजची गोष्ट. तेंच उत्तरेंत, जेथें मधलें नांव बापाचें असण्याची चाल नाहीं, तेथें तें एक अक्षर उघडतांच लोकांना त्यांत भलतेच अर्थ दिसूं लागले. सुभेदार रामजी सकपाळ हे आपल्या मुलास शिकविण्यासाठीं किती झटले, हें या वादांत कोणीं फारसें बोललें नाहीं.

ग्रंथांच्या बाबतींत तरी एवढें होणें अगत्याचें आहे कीं, मुखपृष्ठावर आद्याक्षरें असोत, आंत एका ठिकाणीं लेखकाचें पूर्ण नांव असावें. मराठी विश्वकोशानें हा नियम पाळला आहे. तेथें नोंद ‘खांडेकर, विष्णु सखाराम’ अशी सांपडते. जुन्या मासिकांत मात्र असे कित्येक लेख आहेत, ज्यांच्या खालीं नुसतीं दोनतीन अक्षरें आहेत. लेख चांगला, भाषा चांगली, आणि लिहिणारा कोण तें सांगणारें आतां कोणी उरलें नाहीं. त्या वेळीं संपादकास ठाऊक होतें, वर्गणीदारांसही ठाऊक असेल. म्हणूनच कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

महाराष्ट्र शासनानें मार्च २०२४ मध्यें असा निर्णय घेतला कीं, १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांचें नांव सरकारी कागदपत्रांत पुढील क्रमानें नोंदावयाचें: मुलाचें स्वतःचें, आईचें, वडिलांचें, आणि मग आडनांव. शाळेच्या पटानें शतकापूर्वीं जी तिहेरी घडण पक्की केली होती, ती आतां चौहेरी झाली. हाच क्रम कर्व्यांच्या घरीं त्या वेळीं असता, तर समाजस्वास्थ्यकार ‘र. रा. धों. कर्वे’ अशी सही करते, त्यांचे बंधु ‘दि. आ. धों. कर्वे’ अशी, आणि कोणता मुलगा राधाबाईंचा व कोणता आनंदीबाईंचा, हें सहीवरूनच कळलें असतें.